आज्याची भरमार

आमच्या तुमसर तालुक्यात ‘भरमार’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पुस्तकी मराठीत भरमार म्हणजे रेलचेल. वर्तमानपत्रात ‘सवलतींची भरमार’ असा मथळा वाचला की मला मात्र क्षणभर कुडाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली एक लांब नळीची बंदूक दिसते. कोकणात हिलाच ठासणीची बंदूक म्हणतात. नळीच्या तोंडातून भरायची, गजाने ठासायची आणि मारायची, एवढाच तिचा संसार. गडचिरोलीकडून चकमकीची बातमी आली की जप्त झालेल्या शस्त्रांच्या यादीत हा शब्द हमखास असतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकाला भरमार म्हणजे जंगलातल्या बंडखोरांचे हत्यार वाटण्याचा संभव आहे. वास्तविक ती शेतकऱ्याची वस्तू. विळा, कुऱ्हाड, कंदील, घोंगडी यांच्या रांगेत उभी राहणारी.

लेखाला निमित्त झाले ते मात्र दुसऱ्याच बंदुकीचे. वर्गातला माझा एक मित्र जुन्या अमेरिकन काऊबॉय चित्रपटांचा भारी शौकीन आहे. मधल्या सुटीत मोबाईलवर तो तेच लावून बसतो. त्यातला घोडेस्वार खोगिराला अडकवलेली रायफल उपसतो, चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर घेतो, ‘खटक्-खटक्’ असा आवाज होतो आणि पुढची गोळी तयार! मित्राला त्या आवाजाचे वेड, तर मला त्या कडीचे. ही कडी म्हणजे एक तरफ. ती खाली गेली की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि घोडा मागे चढतो. वर आली की मुख्य नळीखाली जी दुसरी नळी असते तिच्यातले नवे काडतूस आत सरकते. या खालच्या नळीत सहा-सात काडतुसे एकामागे एक निजलेली असतात. म्हणून गोळीचे नाक बोथट ठेवावे लागते. टोकदार ठेवले तर मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टोचून आतल्या आत बार व्हायचा! विंचेस्टर कंपनीची 1873 सालची अशी रायफल प्रसिद्ध आहे. पण खरी खपली ती जॉन ब्राऊनिंग यांनी आखलेली 1894 ची. सत्तर लाखांहून अधिक नग तिचे निघाले. अमेरिकेतल्या न्यू हेवनचा तिचा कारखाना 2006 साली बंद पडला, तरी लोकांनी तिला सोडले नाही. त्याच नावाच्या रायफली आता जपानमध्ये तयार होतात.

मित्राने मला विचारले, “एवढ्या नव्या, भराभर चालणाऱ्या बंदुका असताना तिकडचे लोक हे सव्वाशे वर्षांपूर्वीचे धूड अजून का घेतात?” मी त्या वेळी काही बोललो नाही. नंतर वाचून जेवढे कळले ते असे : ती चपटी असते, बाजूला कुठे दांडा बाहेर निघालेला नसतो, त्यामुळे काखेत धरून झुडपातून चालता येते. डावखुऱ्यालाही उजव्याइतकीच सोयीची. दाट रानात हरीण दिसणार ते शंभर-सव्वाशे पावलांवर, तेवढ्याला ती पुरते. शिवाय तिचा घोडा बाहेर असतो. तो चढलेला आहे की उतरलेला हे अंधारातही अंगठ्याने चाचपून कळते. हे शेवटचे कारण वाचले आणि मला माझा आजा आठवला. कारण आज्याने आपल्या भरमारीबद्दल हेच सांगितले होते, आणि त्याने विंचेस्टरचे नावही ऐकले नव्हते.

आमचे गाव लेंडेझरीच्या जंगलाच्या कडेला. पाच बांध्यांची शेती, सगळी धानाची. आज्याला बंदुकीचे लायसन मिळाले 1979 साली. त्यापूर्वी आमच्या घराण्यात बंदूक नव्हती. बंदुकीशी संबंध मात्र होता. माझा पणजा मालगुजाराच्या शिकारीत हाक्याला जायचा. हाका कसा असतो हे आता माझ्या पिढीला ठाऊक नाही. पहाटे चाळीस-पन्नास माणसे जंगलाच्या एका टोकाला अर्धगोल धरून उभी करायची. त्यांच्या हाती ढोल, टिनाचे डबे, कुऱ्हाडीचे दांडे. दुसऱ्या टोकाला मचाणावर मालगुजार आणि त्याचे पाहुणे. ढोल वाजवीत, ओरडत माणसे पुढे सरकत आणि जनावर त्यांच्यापासून पळत मचाणाकडे जाई. जनावर उलटले तर ते हाक्यावाल्यांवर उलटे, मचाणावर नव्हे. रोजी मिळे की नुसती मटणाची वाटणी, याबद्दल आज्याचे आणि आजीचे कधी एकमत झाले नाही. जुन्या मध्यप्रांतात मालगुजारी होती तोवर हे चालले. 1951 साली मालगुजारी गेली, वाड्यांतल्या बंदुका मात्र बरीच वर्षे वाड्यांतच राहिल्या.

म्हणून त्या 1979 च्या लायसनाला आमच्या घरी सातबाऱ्याइतकाच मान होता. त्या पुस्तिकेवर आज्याचा फोटो आहे. चौतीस वर्षांचा, डोक्याला टोपी, चेहरा घाबरलेला. त्याच्या आयुष्यातला तो पहिला फोटो. लग्नात काढला नव्हता, कारण काढणारा नव्हता. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली आज्याच्या करदोड्याला. गावात कुणी वाड्याकडे बोट दाखवून ‘त्यांच्याकडे बंदूक आहे’ म्हणाले की आज्या ऐकून घेई आणि विडी पेटवी.

पुढे अभ्यासाच्या निमित्ताने मी कायदा पाहिला. इंग्रजांनी 1878 साली शस्त्रांचा कायदा करून हिंदी माणसाच्या हातून हत्यार काढून घेतले, हे आम्ही इतिहासात शिकलो. स्वातंत्र्यानंतर तो जाऊन 1959 चा कायदा आला. 1 ऑक्टोबर 1962 पासून तो लागू आहे. त्याच्या तेराव्या कलमात एक ओळ आहे, ती मी दोनदा वाचली. खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी तोंडाने भरायच्या बंदुकीचे लायसन नागरिकाला द्यावे, असा तिचा आशय. एवढ्या मोठ्या देशाच्या कायद्यात पिस्तुले, रायफली, काडतुसे यांच्या गर्दीत आज्याची भरमार स्वतंत्रपणे उभी आहे! तेवढीने काम भागत नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी साध्या नळीची बंदूक देता येते, असेही पुढे म्हटले आहे. अर्थात आज्याला ती कधी नको होती.

आता भरमार भरतात कशी, ते सांगितले पाहिजे. कारण तिचे सगळे मर्म भरण्यातच आहे. बंदूक उभी धरायची. आधी घोडा उतरलेला आहे हे अंगठ्याने पाहायचे. मग गज नळीत सोडून तो किती आत जातो हे पाहायचे. आज्याच्या गजावर चाकूने पाडलेली एक खाच होती. ती नळीच्या तोंडाशी आली म्हणजे नळी रिकामी. खाच वर राहिली तर आत आधीचा बार बसलेला आहे, त्यावर दुसरा भरला तर नळी फाटायची. मग मापाने बारूद ओतायची. माप म्हणजे बांबूच्या पेराचा एक तुकडा. त्यावर गोणपाटाचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा हलकेच ठासणे. आणि सर्वांत शेवटी, बंदूक खांद्याला लावायच्या वेळीच, घोड्याखालच्या कानावर तांब्याची टोपी बसवायची. टोपी नसेल तर आतली सगळी भरणी मुकी. एवढे सारे करायला आज्याला दीड-दोन मिनिटे लागत. कंदिलाच्या उजेडात थोडी जास्तच. आणि एवढे करून बार किती? एक! विंचेस्टरवाल्याने तेवढ्या वेळात आपली सहा-सात काडतुसे संपवून पुन्हा भरली असती.

बार झाला की पांढऱ्या धुराचा एक ढग समोर उभा राही. तो विरेपर्यंत काय झाले हे मारणाऱ्यालाही दिसत नाही. गंधकाचा वास अंगणभर. डोंगरी बुजुर्गच्या खाणीत सुरुंग उडाला की आमच्याकडे त्याचा पोटातून आल्यासारखा दबका आवाज येतो. भरमारीचा आवाज वेगळा. तो आधी धाडकन फुटतो आणि मग जंगलाच्या भिंतीला लागून परत येतो. आजा म्हणायचा, डुक्कर पहिल्या आवाजाला भीत नाही, परत आलेल्या आवाजाला भिते. कोण जाणे!

शिकारीचे दिवस माझ्या जन्माच्या किती तरी आधी संपले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीचे परवाने इतिहासजमा झाले. नागझिऱ्याला 1970 सालीच अभयारण्य झाले होते. आमच्या ग्रंथालयात व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आहे. त्या रानात राहून, नुसते पाहून लिहिलेले पुस्तक. ज्या जंगलाच्या दुसऱ्या बाजूला माझा पणजा ढोल बडवीत होता, तिथे एक मराठी लेखक हाती वही घेऊन बसला होता, हे मला फार नवलाचे वाटले. जिम कॉर्बेटचेही तसेच. त्याची पहिली बंदूक भरमारच होती, दोन नळ्यांची, त्यातली एक फुटलेली. सारे तारेने बांधून ठेवलेले. पुढे त्याने चांगल्या रायफली वापरल्या आणि शेवटी हाती कॅमेरा घेतला. आज्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने फक्त फुटलेल्या नळीची चौकशी केली. “कोनती फुटली होती? उजवी का डावी?” उजवी, हे सांगितल्यावर समाधानाने मान हलवली.

माझ्या आठवणीत आज्याने बंदूक झाडली ती आभाळाकडे किंवा धुऱ्याच्या मातीत. रानडुक्करही कायद्याने संरक्षित प्राणी आहे. पिकाचे नुकसान करीत असेल तर त्याला मारण्याची परवानगी वनखात्याकडे अर्ज करून मागता येते, पण आज्या त्या भानगडीत पडला नाही. त्याचे काम आवाजाने भागे. हलके धान पोटरीला आले की डुकरे यायला लागतात, ती भारी धानाची कापणी होऊन मंडईचे दिवस सरेपर्यंत. धान खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. वीस-पंचवीसचा कळप रात्रीतून एका बांधीत शिरला की सकाळी तिथे कुस्तीचा आखाडा झालेला असतो. आजा सांजेला भाकर खाऊन मचाणावर जाई. लहानपणी मी पुष्कळदा त्याच्याबरोबर गेलो आहे. झोप येऊ नये म्हणून तो मला जंगलातले आवाज ओळखायला लावी. खसखस झाली की मी म्हणे, “आजा, मार!” तो म्हणे, “आधी पाय. मंग भर. मंग पुना पाय.” म्हणजे, आधी पाहा, मग भर, मग पुन्हा पाहा. आणि खरोखरच तो दोन मिनिटे भरीत बसला असता ती खसखस बहुतेक वेळा कुणाची तरी म्हैस निघे, एकदा मोह पिऊन वाट चुकलेला आमचाच शेजारी निघाला. हातात सात काडतुसांची रायफल असती तर त्या शेजाऱ्याचे काय झाले असते, याचा विचार मी हल्ली करतो.

घराच्या राखणीसाठी भरमारीचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत तरफेची रायफल दाराआड उभी करून ठेवणारे लोक आहेत म्हणतात. आमच्याकडे मी लहान असताना आज्याला विचारले होते, “चोर आला तं तू भरेपर्यंत तो थांबंल का?”

“थांबत नाई,” आजा म्हणाला. “पन येतच नाई.”

यात सत्य होते. आमच्या घरात चोरण्यासारखे काही नव्हते हा भाग निराळा. पण ‘त्यांच्या घरी बंदूक हाय’ एवढे वाक्य गावाच्या वेशीपर्यंत पोचलेले असे, आणि राखण त्या वाक्यानेच होई. बंदूक स्वतः तर घरात नेहमी रिकामी. नळी एका खोलीत, बारुदीचा डबा चुलीपासून लांब कोठ्यात, आणि टोप्यांची डबी आजीजवळ. होय, आजीजवळ! लायसन आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने ती मागून घेतली. “रागाचा मानूस अन् भरेल बंदूक एका घरी नोको,” हे तिचे म्हणणे. आज्याला बार करायचा असेल तर मचाणावर जाताना आजीकडून मोजून टोप्या घ्याव्या लागत आणि सकाळी हिशेब द्यावा लागे. चाळीसहून अधिक वर्षे हा कारभार बिनतक्रार चालला. एका लायसनाचे दोन मालक होते; फोटो तेवढा एकाचा होता.

बंदुकीचा दुसरा अर्थ तुमसरला ठाऊक नाही असे नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये याच गावात मोर्च्यावर गोळीबार होऊन माणसे पडली. बाजारात जाताना हुतात्म्यांच्या स्मारकावरून आपण सारे जातो. म्हणून बंदुकीचे कौतुक करताना माझा हात जरा अडखळतो. ते गोळीबार करणारे आपल्या समोर कोण उभे आहे हे पाहत होते की नव्हते, असा प्रश्न मनात येतो, आणि पाहत असले तर ते अधिकच वाईट.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले त्याकडे येतो.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे मचाणावर जागणारी माणसे कमी झाली. तरुण पोरे नागपूरला, रायपूरला कामाला. म्हाताऱ्यांना रात्रीची थंडी सोसत नाही. डुकरे मात्र वाढली. मग कुणी तरी सोपा मार्ग काढला. बांधाभोवती खुंट्यांवर वीतभर उंचीने तार फिरवायची आणि तिचे टोक चोरून विजेच्या तारेवर टाकायचे. माणसाने घरी झोपावे, तार राखण करील. विदर्भात अशा तारांवर किती तरी वाघ मेले, वर्तमानपत्रात आपण वाचतोच. वाघाची बातमी होते.

माझ्याबरोबर पहिलीपासून दहावीपर्यंत शिकलेला एक मुलगा होता. पुढे तो शिकला नाही, ट्रॅक्टरवर जाऊ लागला. 2023 च्या ऑक्टोबरात एका रात्री तो बांधीतून उतरणाऱ्या पाण्यात मासे धरायला टोपली घेऊन निघाला. धुऱ्यावरून चालत गेला, आणि सकाळी धुऱ्यावरच सापडला. पायाला तारेचा वळ होता. टोपली पाण्याने वाहत पुढच्या बांधीत जाऊन अडकली होती. ज्याची तार होती तो माणूस वाईट नव्हता. तो त्या मुलाच्या बारशाला जेवलेला होता. तो घरी झोपला होता, एवढेच.

त्या दिवशी आज्या मचाणाखाली बराच वेळ बसून होता. तो फारसे बोलणारा माणूस नव्हता. संध्याकाळी म्हणाला, “तारेले डोरे नाई.” तारेला डोळे नाहीत.

मित्राच्या प्रश्नाला माझे उत्तर आहे ते इथे. तिकडच्या माणसाला ती तरफेची रायफल का आवडते याची कारणे त्यांच्या त्यांच्यापाशी; पण भरमारीची ओढ तिच्या जोरात नाही. तिच्यामागे एक माणूस जागा असावा लागतो. भरताना त्याला दोन मिनिटे समोर पाहावे लागते. एकच बार असल्यामुळे तो वाया घालवायची त्याला लाज वाटते. यंत्र म्हणून ती मागासलेली आहे हे मी मान्य करतो. अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला जे शिकवतात त्या हिशेबात एका रात्रीच्या जागरणाची मजुरी धरली तर ती परवडतही नाही. पण तारेची किंमत त्या हिशेबात कोणी धरली आहे?

2024 च्या उन्हाळ्यात आजा गेला. त्या वर्षी 19 एप्रिलला आमच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात लोकसभेचे मतदान होते. निवडणूक आली की लायसनदारांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आज्यानेही नेहमीप्रमाणे केली होती. ती परत आणण्यापूर्वीच तो गेला. तेव्हापासून भरमार ठाण्याच्या मालखान्यात आहे. लायसनदार मेला की लायसन संपते. वारसाला ते आपल्या नावे हवे असेल तर नव्याने अर्ज करावा लागतो. 2016 च्या नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. लायसनदार सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली, तर हयातीतही ती वारसाला देता येते. आज्या दोन्ही अटींत बसत होता. पण हयातीत आपला फोटो त्या पुस्तिकेवरून काढू देणे त्याला जमले नाही, आणि आम्हीही विषय काढला नाही.

पावसाळा लागला तसा बाबांपुढे प्रश्न उभा राहिला. दोघा-तिघांनी त्यांना तारेचा सल्ला दिला. त्या मुलाच्या मृत्यूला वर्षही झाले नव्हते! “सावधपणे लावायची, रात्री अकराला चालू अन् पहाटे चारला बंद,” असा त्यांचा सल्ला. सौर कुंपणाचीही चौकशी केली. ते झटका देते, मारत नाही, आणि सरकारी अनुदानही आहे. पण उरलेली रक्कम भरायला त्या हंगामात हाती पैसा नव्हता, पैसे आधी माझ्या कॉलेजच्या फीला गेले होते. हे मला बाबांनी सांगितले नाही, मायने सांगितले. डुकरांनी त्या साली दोन बांध्या साफ केल्या. बाबा टॉर्च आणि टिनाचा डबा घेऊन मचाणावर बसत. डब्याची डुकरांना सवय होते.

शेवटी अर्ज करायचे ठरले. माझ्या नावे करता येत नाही. कायद्याला एकवीस वर्षे पूर्ण लागतात आणि मी एकोणीस वर्षांचा. बाबांच्या नावे करायचा तर भरायचा मीच, कारण घरात इंग्रजी आणि सरकारी मराठी दोन्ही वाचू शकणारा मी एकटाच. आत्याची ना-हरकत लागली, तिने सही करताना विचारले, “मले हिश्यात का भेटते, नळी का दस्ता?” डॉक्टरांचा दाखला, बंदूक सुरक्षितपणे हाताळता येते याचे प्रमाणपत्र, ओळखीचे, पत्त्याचे कागद, फोटो. बाबांनी फोटोसाठी टोपी घातली होती. दुकानदाराने ती काढायला लावली. अर्जात लायसन कशासाठी हवे हे लिहावे लागते. मी बाबांना विचारले. ते म्हणाले, “लिही, राखनीसाठी.” मी ‘पीक संरक्षण’ असे लिहिले. दोन्ही एकच नव्हेत असे मला वाटले. पण त्या चौकोनात तेवढीच जागा होती.

अर्ज गेला आहे. चौकशीसाठी बीट अंमलदार एकदा येऊन गेले. त्यांनी घर पाहिले, शेत पाहिले, तुडवलेल्या बांध्या पाहिल्या आणि बंदूक कुठे ठेवणार असे विचारले. बाबांनी खोली दाखवली. “अन् टोप्या?” असे त्यांनी विचारले तेव्हा बाबा काही बोलण्याआधीच आतून आजी बाहेर आली. निवडणुकीच्या वेळी टोप्या बंदुकीबरोबर मोजून जमा झाल्या होत्या, रिकामी डबी तेवढी तिच्या पेटीत होती. ती तिने हातावर धरून त्यांना दाखवली. लायसन मिळाले तर डबी पुन्हा आपल्याच ताब्यात राहील, हे तिने बाबांकडून आधीच कबूल करून घेतले आहे.